मोजदाद

आषाढातली पहिली मोठी झड ओसरून हवा धुऊन निघाली, की डोंबिवली पूर्वेच्या कुठल्याही उंच गच्चीवरून मलंगगडाची निळसर रांग स्पष्ट दिसू लागते. एरवी धूर, धूळ आणि इमारतींच्या गर्दीत ती हरवलेली असते. सकाळी सातच्या लोकलमध्ये एका पायावर उभे राहून मुंबई गाठणाऱ्या आणि रात्री तसेच परतणाऱ्या आम्हां डोंबिवलीकरांना त्या रांगेचे आकर्षण का वाटावे, हे वेगळे सांगायला नको. जिथे हात पसरायला जागा नाही तिथे राहणाऱ्याला मोकळा डोंगर म्हणजे परमेश्वराने दिलेली रविवारची सुटीच वाटते. मलाही तसेच वाटे. या ओढीपायी माझ्या हातून एक चूक घडली. तिला आता तीस वर्षे उलटून गेली, माझी साठीही ओलांडली. तरी ती चूक आपल्या वाचकांपुढे एकदा मोकळेपणाने मांडावी, असे गेले काही दिवस मनात घोळत आहे.

गोष्ट १९९४ च्या जुलै महिन्यातली. आमच्या धर्मग्रामातील युवकांना घेऊन वर्षातून एकदा डोंगरावर जाण्याचा प्रघात मीच सुरू केला होता. त्या वर्षी नाणेघाट ठरला. मी तो घाट पूर्वी तीनदा चढलो होतो आणि तीनदा चढलेली वाट आपल्या मालकीची झाली, अशी माझी समजूत होती. शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला सर्वांनी हजेरी लावली. रविवारी पहाटेच्या गाडीने आम्ही कल्याणला उतरलो आणि माळशेजच्या रस्त्याने जाणारी एस.टी. पकडली. आम्ही तेवीस जण होतो. सर्वांत मोठा मी. त्यानंतर महाविद्यालयात शिकणाऱ्या चार-पाच मुली आणि मुलगे. बाकीची शाळकरी पोरे. सर्वांत लहान आमच्या शेजारच्या इमारतीतल्या बाईंचा धाकटा, तेरा वर्षांचा. बाई विधवा होत्या. “भाऊ, तुम्ही आहात म्हणून पाठवते,” एवढेच त्या म्हणाल्या होत्या.

मुरबाड, टोकावडे मागे टाकून वैशाखरे ओलांडले की उजव्या हाताला सह्याद्रीची भिंत उभी राहते आणि तिच्यात नानाचा अंगठा आपल्याला वर बोलावतो. रस्त्यावर उतरून आम्ही पिशव्या, पाण्याच्या बाटल्या सावरत होतो, तोच जवळच्या पाड्यावरचे एक वयस्क गृहस्थ काठी टेकत पुढे आले. डोक्यावर प्लॅस्टिकचे इरले, हातात कोयता. त्यांनी आमच्या घोळक्यावर एक नजर फिरवली आणि मला म्हणाले, “पोरं नवी दिसत्यात. मानूस घ्या संगतीला. पन्नास रुपयं द्या, वर नेऊन खाली आनतो.”

पन्नास रुपये त्या काळी अगदीच थोडे नव्हते, पण तेवीस जणांत ते जडही नव्हते. खरे कारण निराळे होते. ज्या मुलांपुढे मी डोंगराचा जाणकार म्हणून मिरवत होतो, त्यांच्यादेखत वाटाड्या घेणे मला कमीपणाचे वाटले. “बाबा, वाट माहीत आहे,” मी म्हणालो. ते काही बोलले नाहीत. आम्ही एका रांगेत त्यांच्यासमोरून पुढे गेलो. ते काठीवर हनुवटी टेकून आमच्याकडे पाहत राहिले.

चढण सुरेख झाली. ओढ्यांना घोट्याएवढे पाणी होते. कारवीची हिरवी दाटी, मधूनच उतरणारे ढग, पायाखाली जुन्या फरसबंदीचे दगड. कल्याण बंदरात उतरलेला माल दोन हजार वर्षांपूर्वी याच घाटाने जुन्नरला जाई. खिंडीच्या अलीकडे कातळात खोदलेल्या लेण्यात सातवाहनकालीन ब्राह्मी लेख आहे. राणी नागनिकेच्या नावाशी जोडलेल्या त्या लेखात यज्ञांच्या वेळी दिलेल्या दानाचा तपशील आहे. गायी किती, कार्षापण नावाची नाणी किती, हे अंकांत कोरलेले आहे. भारतातील अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत त्या लेखाची गणना होते. मी मुलांना हे सारे मोठ्या ऐटीत समजावून सांगितले. खिंडीपलीकडे पठारावर तो प्रसिद्ध दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकीत असे लोक सांगतात, तेही सांगितले. मग लेण्यात बसून आम्ही भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी आणि कोणाकोणाच्या आईने दिलेले गोडधोड खाल्ले. बाहेर खिंडीतून वारा असा घोंघावत होता की कड्यावरून पडणारे पाणी उलट वरच उडत होते. धुके एवढे दाटले की दहा हातांवरचा माणूस दिसेनासा झाला.

दीड वाजता मी उतरायचे ठरवले. लेण्याच्या तोंडाशी उभा राहून मी मोठ्याने विचारले, “सगळे आहेत ना?”

“आहेत!” सर्वांनी एका आवाजात उत्तर दिले. लेण्यात ते घुमले. मला समाधान वाटले आणि मी पुढे निघालो.

वाचकहो, त्या प्रश्नातला वेडेपणा माझ्या ध्यानात यायला सव्वा तास लागला. जो हजर आहे तोच ‘आहे’ म्हणतो. जो नाही, त्याने ‘मी नाही’ असे कुठून सांगावे?

डोंगर उतरून आम्ही खालच्या सपाटीवर आलो. तिथून पुढे शेवटचा मोठा ओढा लागतो. पाऊस खाली रिमझिमच होता, परंतु वरच्या बाजूला धो धो कोसळत असावा, कारण ओढ्याचा आवाज लांबूनच ऐकू येऊ लागला होता. सपाटीवर गुरे चरत होती आणि एका दगडावर सकाळचेच बाबा बसले होते. आम्ही त्यांच्यापुढून गेलो. शेवटचा मुलगा गेल्यावर ते उठले आणि मला हाक मारून म्हणाले, “सायेब, सकाळी तेवीस गेली व्हती. आता बावीसच हायत.”

मी मोजले. पुन्हा मोजले. बावीस. बाईंचा धाकटा नव्हता.

त्या क्षणी काय वाटले ते शब्दांत सांगण्याचा प्रयत्न मी करणार नाही. माझे पाय आपोआप मागे वळले, पण दोन पावलांवरच थांबले. मागे जावे, तर ही एकवीस मुले फुगत्या ओढ्याच्या काठी कोणाच्या भरवशावर सोडायची? थांबावे, तर वर धुक्यात तो एकटा. मी पुढे चालणारा एकच होतो. मागून येणारा कोणी नेमलाच नव्हता. बाबांनी माझ्याकडे पाहिले आणि मला काही विचारलेच नाही. त्यांनी मुलांना ओढ्यापासून लांब, उंचवट्यावर बसवले. “ह्याच अंगाला बसा. आमी येईस्तवर पान्याला पाय लावायचा न्हाई,” असे बजावले. मोठ्या मुलींपैकी एकीवर मी सर्वांची जबाबदारी सोपवली आणि बाबांच्या मागोमाग चढू लागलो.

बाबा हाका मारीत, मग उभे राहून ऐकत. मी मात्र ओरडतच राहिलो होतो. ते एकदा वैतागून म्हणाले, “तुमी गप ऱ्हा जरा. तो वरडला तर ऐकू कसं येईल?” तासाभराने, मुख्य वाटेला गुरांची एक पायवाट फुटते तिथे, आम्हांला बारीक आवाज आला. टण्, टण्, टण्. त्या पायवाटेने थोडे आत गेल्यावर तो दिसला. भिजून चिंब, ओठ निळे पडलेले. एका झाडाच्या बुंध्याशी बसून तो डब्याच्या झाकणावर चमचा आपटत होता. त्याच्यापुढे पन्नास-साठ पावलांवर पायवाट संपून उतार तुटला होता.

आम्ही जेवत असताना तो रांजणात नाणे टाकायला परत खिंडीपलीकडे गेला होता. धुक्यात तिथेच घोटाळला. लेण्यापाशी आला तेव्हा आम्ही निघून गेलो होतो. तो धावत सुटला आणि चुकीच्या वाटेला लागला. मी विचारले, “मग इथे का थांबलास?” तो म्हणाला, “आईने सांगितलंय. स्टेशनवर गर्दीत हात सुटला, तर मला शोधायला जायचं नाही. जिथे आहेस तिथेच उभं राहायचं.”

डोंगरातल्या सुरक्षिततेवर पुढे मी पुष्कळ वाचले. वाट चुकलेल्याने भटकू नये, एका जागी थांबून आवाज करीत राहावे, हा त्यातला पहिला धडा आहे. तो धडा त्या मुलाला डोंबिवली स्टेशनच्या फलाटावर मिळाला होता, म्हणून तो वाचला. मला तो कोणी दिला नव्हता आणि मी कोणाला दिला नव्हता.

आम्ही खाली आलो तेव्हा सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा कमरेच्या वर चढला होता. मुले रडवेली झाली होती. बाबा म्हणाले, “बसा. जसा चढलाय तसा उतरंल.” पाऊस थांबला आणि तासाभरात पाणी खरोखरच गुडघ्याखाली आले. आम्ही एकमेकांचे हात धरून पलीकडे गेलो. रस्त्यावर पोहोचेपर्यंत दिवस मावळला होता. मी शंभराची नोट बाबांच्या हाती ठेवली. त्यांनी कमरेच्या पिशवीतून ओलसर पन्नास रुपये काढून मला परत दिले. “सकाळी पन्नासच सांगितलं व्हतं,” ते म्हणाले.

रात्री साडेदहाला डोंबिवलीला उतरलो. बाई स्टेशनबाहेर उभ्या होत्या. “ओढ्याला पाणी आलं, म्हणून उशीर झाला,” मी म्हणालो. हे खोटे नव्हते. पण खरेही नव्हते. मुलगाही काही बोलला नाही. त्याला वाटले असावे की चूक त्याची आहे. ते ओझे मी त्याच्यावर टाकून आठवडाभर हिंडत होतो. शेवटी राहवेना, तेव्हा आमच्या फादरांपाशी जाऊन सर्व सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “मला सांगितलेस हे बरे केलेस. पण ज्यांना सांगायला हवे, त्या दुसऱ्या आहेत.”

त्याच संध्याकाळी मी बाईंकडे गेलो. स्वयंपाकघराच्या दाराशी बसून, काही न लपवता, सारे सांगितले. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “भाऊ, मी रोज रात्री ताटं मोजून मांडते. चार माणसांची चार ताटं. तुम्ही तेवीस माणसं घेऊन गेलात आणि मोजली नाहीत?”

त्या ओरडल्या असत्या तर बरे झाले असते.

हरवलेल्या मेंढराचा दृष्टांत आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेला आहे. शंभरांतले एक हरवते, मेंढपाळ नव्याण्णवांना सोडून त्याच्या शोधाला निघतो. त्याची माया, त्याचे कष्ट, मेंढरू खांद्यावर घेताना झालेला आनंद यांवर मी कितीतरी प्रवचने ऐकली आहेत. परंतु त्या रात्रीनंतर मला त्या गोष्टीत एक साधी बाब दिसू लागली, जी पूर्वी कधी दिसली नव्हती. त्या मेंढपाळाने मोजले होते. मोजल्यावाचून नव्याण्णव आणि शंभर यांतला फरक डोळ्यांना कळत नाही. माया पुढची गोष्ट, आधी मोजदाद. “सगळे आहेत ना?” असे विचारून पुढे निघणाऱ्या मेंढपाळाला हरवलेले मेंढरू कधी सापडलेच नसते, कारण ते हरवले हेच त्याला कळले नसते.

आपल्या ख्रिस्तसभेला डोंगरवाटांचे हे शहाणपण नवे नाही. अकराव्या शतकात संत बर्नार्ड यांनी आल्प्समधल्या एका खिंडीत, आठ हजार फुटांहून अधिक उंचीवर, वाटसरूंसाठी आश्रयगृह उभारले. ती खिंड आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तिथले व्रतस्थ पुढे शतकानुशतके बर्फात अडकलेल्या प्रवाशांचा शोध घेत राहिले. त्यांचे प्रसिद्ध कुत्रेही याच कामी आले. १९२३ साली पोप अकरावे पायस यांनी संत बर्नार्ड यांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. हे पोप स्वतः कसलेले गिर्यारोहक होते. १८८९ मध्ये, तरुण धर्मगुरू असताना, ते मॉन्ते रोझाच्या अवघड पूर्व भिंतीने वर चढले. शिखराजवळ अंधार पडला, तेव्हा पुढे रेटण्याऐवजी त्यांनी कातळाच्या अरुंद कपारीवर थंडीत रात्र काढली. त्यांच्याबरोबर वाटाडे होते. पुढे पोप झालेल्या माणसाला वाटाड्या घेण्यात कमीपणा वाटला नाही. डोंबिवलीच्या एका कारकुनाला मात्र वाटला!

असो. त्या वर्षीनंतर आमच्या सहली बंद पडल्या नाहीत, पद्धत बदलली. गावातला वाटाड्या घेतल्याशिवाय डोंगराला पाय लावायचा नाही आणि त्याच्याशी घासाघीस करायची नाही. पुढे एक जाणता, मागे एक जाणता. मागच्याच्या मागे कोणी राहायचे नाही. दोघादोघांच्या जोड्या; आपला जोडीदार दिसला नाही, तर ताबडतोब ओरडायचे. प्रत्येक ओढ्याआधी आणि नंतर, जेवणाआधी आणि नंतर, माणसाला हात लावून मोजायचे. परतीची वेळ आधी ठरवायची. ती झाली की शिखर दहा पावलांवर असले तरी फिरायचे. गुडघ्याच्या वर वाहते पाणी असेल तर थांबायचे, कारण आपल्यावर ऊन असले तरी वर कोसळलेला पाऊस ओढ्यातून पुढे येतच असतो. प्रत्येकाच्या गळ्यात शिटी. संकटात मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबून ऐकायचे, आणि पुन्हा सहा वेळा. उत्तर देणाऱ्याने तीनदा वाजवायची. ही गिर्यारोहकांमधली प्रचलित खूण आहे. सर्वांच्या नावांची एक यादी धर्मग्रामाच्या कचेरीत, दुसरी पायथ्याच्या घरी. ओले कपडे आणि वारा मिळून जुलैतही माणसाला गारठवून टाकतात, म्हणून एक कोरडा सदरा प्लॅस्टिकच्या पिशवीत.

यातला एकही नियम कठीण नाही. तरीही आज डोंगरांवर जे दिसते ते पाहून मन धास्तावते. मोबाइलवरील एक चित्रफीत पाहून शेकडो अनोळखी माणसे एकाच रविवारी एकाच धबधब्यावर लोटतात. दरीत शिरल्यावर तोच मोबाइल मुका होतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या बाजूस एकाच कुटुंबातली पाच माणसे पाण्याच्या लोंढ्यात वाहून गेली. महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्यात आयोजकांची नोंदणी आणि सुरक्षिततेचे नियम आहेत. पावसाळ्यात धोक्याच्या ठिकाणी बंदीचे आदेशही निघतात. हे सर्व योग्यच आहे. पण कागदावरचा नियम लेण्याच्या तोंडाशी उभा राहून माणसे मोजत नाही. ते कोणीतरी माणसानेच करायचे असते.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ती ठाकर समाजाची वस्ती. गडावर जाणाऱ्या कित्येक भटक्यांनी त्या वाडीतल्या घरांत चहा घेतला होता, भाकरी खाल्ली होती, तिथल्या पोरांना वाट दाखवायला बरोबर नेले होते. वाडीला गाडीरस्ता नव्हता. मदतीला गेलेले जवान आणि गिर्यारोहक त्या रात्री पावसात, चिखलातून पायी चढून गेले. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे बेपत्ता म्हणून नोंदली गेली आणि चार दिवसांनी शोध थांबला. ती बातमी वाचताना मला नाणेघाटाखालचे बाबा आठवले. डोंगरातली ही माणसे आपल्याला जाताना मोजतात, येताना मोजतात. आपण त्यांना कधी मोजले? त्यांच्या वाडीवरचा उतार सुटतो आहे का, पावसाळ्यात त्यांच्या आजाऱ्याला खाली कोण आणते, हे किती भटक्यांनी विचारले? मीही विचारले नव्हते. त्या बाबांचे नाव मी त्या दिवशी विचारले नाही, याची मला आजही लाज वाटते. पुढच्या पावसाळ्यात मुद्दाम गेलो, तेव्हा ते वारले होते.

बाईंचा धाकटा दोन वर्षे आमच्याबरोबर आला नाही; बाईंनी पाठवले नाही आणि मीही आग्रह केला नाही. तिसऱ्या वर्षी तो आपण होऊन आला आणि म्हणाला, “मी शेवटी चालतो.” त्यानंतर कितीतरी वर्षे तो आमचा शेवटचा माणूस होता. आता तो परगावी असतो. त्याची मुलेही डोंगर चढतात.

माझे गुडघे मला आता कल्याणपलीकडे जाऊ देत नाहीत. परंतु युवकांच्या सहलीच्या दिवशी पहाटे मी चर्चच्या फाटकाशी जाऊन उभा राहतो. एकेकाच्या खांद्याला हात लावीत मोजतो आणि आकडा कागदावर लिहून खिशात ठेवतो. मुले हसतात. रात्री ती परत येतात तेव्हाही मी तिथेच असतो. कागद बाहेर काढतो आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतो.